मी फोन पुढे दिला नाही

बोरिवली, १९ नोव्हेंबर

प्रिय शैलाताई,

रागावू नका. तुम्ही हे जग सोडून गेल्यापासून मी तुम्हाला एक ओळही लिहिलेली नाही. डायरी रोज लिहिते, पण तिच्यात मी माझीच बाजू मांडत बसते, हे आता लक्षात आलंय. तुमच्यापुढे ते जमायचं नाही. तुम्ही माझ्या नणंद म्हणून नव्हे, हेल्पलाइनवर मला फोन घ्यायला शिकवलंत म्हणून.

खरं तर हा कागद दुसऱ्याच कुणासाठी घेतला होता. आमच्या विंगमध्ये वरच्या मजल्यावर एक बाई राहते. तिच्यासाठी माफीच्या दोन ओळी लिहून दाराखालून सरकवणार होते. लिहायला घेतलं आणि हात थांबला. चिठ्ठी तिच्या नवऱ्याच्या हातात पडली असती तर? इतकी साधी गोष्ट मला आधी सुचू नये! म्हणून आता तुम्हाला लिहितेय. तिचं नाव तुम्हालाही सांगणार नाही.

ती सारखी ओल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीकडे जाताना दिसायची. घरात मशीन, खिडकीत दोऱ्या, आणि ही भर दुपारी जिना चढतेय! एकदा लिफ्टपाशी चौघीजणी उभ्या असताना मी म्हटलं, "काय हो, साबणाची एजन्सी घेतलीत की काय?" सगळ्या हसल्या. तीही हसली. मला माझा विनोद फार आवडला होता, ताई.

बुधवारी दुपारी मी घाटकोपरच्या आपल्या केंद्रात फोनवर असते. काही आठवड्यांपासून एक बाई बुधवारीच फोन करायची. "नंदाताई आहेत का?" असं विचारायची. माझं फोनवरचं हे नाव तुम्हीच ठेवलेलं. ती कुजबुजत बोलायची. नवरा घरून काम करतो. मनाविरुद्ध काही झालं की हात उचलतो, मग तिला दाराबाहेर काढून कडी लावतो. मारल्याची लाज त्याला नाही, बाहेर काढल्याची मात्र तिला वाटते!

एका बुधवारी ती म्हणाली, "मी दाराबाहेर एक बादली भरूनच ठेवते. बाहेर काढलं की ती उचलायची आणि गच्चीच्या जिन्यात जाऊन बसायचं. तुम्हाला फोनही तिथूनच करते. कुणी पाहिलं तर वाटेल, कपडे वाळत घालायला चाललीय. बायका हसतात. एकीनं तर विचारलं, साबणाची एजन्सी घेतलीत का म्हणून."

ती एकी म्हणजे मीच.

तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलं होतंत, "माणूस ओळखीचं निघालं की फोन पुढे द्यायचा, मंजू. का आणि कशाला करायचं नाही. ओळखीच्या बाईपुढे आपण ऐकणाऱ्या राहत नाही, शेजारणी होतो." केंद्र सांभाळणारी वर्षा शेजारच्या खुर्चीवर रिकामीच होती. मी फक्त हात लांब करायचा होता.

मी केला नाही. उलट विचारलं, "ती बाई कशी आहे?"

कुणासाठी होता हा प्रश्न? मला माझ्याबद्दल ऐकायचं होतं, ताई! मार खाऊन जिन्यात बसलेल्या बाईकडे मी माझं प्रगतिपुस्तक मागत होते.

ती म्हणाली, "वाईट नाहीये हो. पण तिला कळलं ना, तर अख्ख्या विंगला कळेल."

एवढ्यावर तरी थांबायचं! पण मला भरपाईची घाई झाली होती. दुसऱ्या दिवशी ती जिन्यात दिसली, तशी मी पुढे होऊन तिच्या हातातली बादली घेतली.

"अहो, राहू दे, राहू दे!"

"घाई नाही. मी ऐकतेय," मी म्हटलं.

प्रत्येक फोनची सुरुवात आपण याच वाक्याने करतो. ते माझ्या तोंडात इतकं बसलंय की निघून गेल्यावर मला कळलं. ती जिथल्या तिथे उभी राहिली.

"नंदाताई?"

मी बादली या हातातून त्या हातात घेतली.

"म्हणजे काल तुम्हाला माहीत होतं? माहीत असून विचारत होतात?"

मी खाली पाहिलं. तिने बादली माझ्या हातातून काढून घेतली. "कुणाला सांगू नका हं. प्लीज," म्हणाली. ती माझी विनवणी करत होती! दोन शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते.

तेव्हापासून तिचा फोन नाही. गेल्या शनिवारी दुपारी वरून आवाज आला म्हणून मी अर्धा जिना चढले. ती तिच्या बंद दारापुढे उभी होती, हात रिकामे. "उघडा ना. लोक बघतायत. उघडा ना," असं दाराशी तोंड नेऊन म्हणत होती. पूर्वी ती त्याच्यापुढे असं गयावया करत नसे, वर जाऊन बसायची, बुधवारी आपल्याला फोन करायची. आता वर कशी जाईल? तिथे मी येईन ना! आणि फोन कुठल्या भरवशावर करेल? मी पाय न वाजवता खाली आले.

थोडा राग तुमच्यावरही आहे. "आमच्या मंजूचा कान सोन्याचा गो!" असं तुम्ही सगळ्यांसमोर म्हणायचात. मग तुम्ही गेल्यावर लोक म्हणाले, ताईंची जागा मंजूने घेतली. ती जागा जाईल म्हणून मी अजून वर्षाला काही सांगितलेलं नाही. डायरीत मात्र लिहून ठेवलंय, 'गुप्तता पाळायची म्हणून गप्प आहे.' किती छान शब्द सापडला मला!

ताई, तुम्हाला वचन देते. मी आता फोनवर बसणार नाही. तिथे मी नाही, हे तिला कसं आणि कुणी कळवायचं, ते वर्षा ठरवेल. मी माझ्या मनाने तिचं आणखी काही भलं करायला जाणार नाही. गच्चीच्या जिन्याकडे फिरकणार नाही. तो जिना तिला मोकळा राहू दे. आणि माझ्या खुर्चीवर कोण बसलं, याची चौकशीही करणार नाही.

तुमची,
मंजू

उद्याचं काम: वर्षाला सगळं सांगणे. फोनवर नाही, समोर बसून.