बिरूबाबांची सभा उत्साहात

प्रिय हरिओम,

आपण काढायचो त्या 'पायवाट' अंकाच्या जवळजवळ प्रत्येक बातमीत 'उत्साहात' हा शब्द आहे. गंगाखेडला आपल्या कॉलेजात आता राजेश्री नावाच्या ग्रंथपाल आहेत, त्यांनी काल फोनवर याला दुजोरा दिला. जुने अंक त्या स्कॅन करताहेत. हसू आवरेना म्हणून त्यांनी काही पानांचे फोटो मला पाठवले. वृक्षारोपण उत्साहात, रक्तगट तपासणी उत्साहात, एस.टी. वेळेवर येत नाही म्हणून काढलेला मोर्चाही उत्साहात. एका अंकात तर पाहुणे आलेच नाहीत, तरी त्यांचं व्याख्यान उत्साहात पार पडलंय. ती बातमी तुझी. सायक्लोस्टाईलच्या स्टेन्सिलवरचं तुझं अक्षर मी अजून ओळखतो.

पुढे परभणीच्या दैनिकात मी हयातभर हाच शब्द कापत आलो. तालुक्याचे वार्ताहर वैतागायचे, म्हणायचे, "साहेब, मग कार्यक्रम कसा झाला हे सांगायचं तरी कसं?" मी म्हणायचो, कोण आलं, कोण काय बोललं ते लिहा, कसा झाला ते वाचणारा ठरवील. आता निवृत्त आहे. गुडघे कुरकुरतात, बाकी मजेत. आई माझ्याकडेच असते. चष्म्याशिवाय अंबाडी निवडते आणि सुनेनं निवडलेली पुन्हा एकदा निवडते.

त्या फोटोंत 'तो' अंकही होता. स्टेन्सिल महाग, ऐनवेळी घाईत कोरताना फाटू नये म्हणून तू पानाच्या तळाची ओळ आधीच कोरून ठेवायचास, 'सभा उत्साहात संपन्न झाली'. वरची जागा बातमी येईल तशी भरायची. ते पान वार्षिक सभेसाठी ठेवलेलं होतं. त्याच आठवड्यात माझे वडील, कॉलेजचे शिपाई बिरूबाबा, गेले आणि त्या पानावर त्यांच्याच शोकसभेची बातमी आली. तळाची ओळ तशीच राहिली. अंक वाटून झाल्यावर कुणीतरी ती मोठ्यानं वाचली. दुसऱ्याच दिवशी तू कोरायची लेखणी माझ्या हातात दिलीस आणि पुन्हा एक ओळ लिहिली नाहीस. आमच्या खोलीवर रोज जेवणारा तू, त्यानंतर उंबऱ्याच्या आत आला नाहीस. माझ्या लग्नातही मांडवातूनच परतलास. आपण दोघं बाजारात भेटलो, स्टँडवर भेटलो, चहा प्यालो, पण ही गोष्ट कधी काढली नाही. आईला तर वाचताच येत नाही, म्हणून ती बातमी मी घरात कधी सांगितलीच नव्हती.

काल सांगितली. फोटो पाहून मला हसू आलं आणि ती म्हणाली, "काय दात काढायलास रे एकटाच?" मग सगळंच वाचून दाखवलं. शेवटची ओळ ऐकून ती म्हणाली, "मग त्येच्यात चुकलं काय? मी दाराआड बसून ऐकायले होते की." मला वाटायचं ती त्या दिवशी घरातून बाहेरच पडली नव्हती. मास्तरांची भाषणं तिला आठवत नाहीत, पोरांची आठवतात. राणीसावरगावच्या पोरांची गाडी चुकू नये म्हणून बाबा शेवटची घंटा जरा आधीच द्यायचे, हे एका पोरानं प्राचार्यांसमोरच सांगून टाकलं होतं. मग दुसरा उठला, तिसरा उठला. "पोरं रडता रडता हसायली होती. प्राचार्य बी हसले. इतक्या माणसांत तुझ्या बापाचं नाव निघालं. त्या हसण्यावर मी ते वर्स काढलं रे. उत्साहातच झालं ते." आणि मग एकदम तिच्या ध्यानात आलं. "म्हंजे हरिओम्या ह्याच्यापायी येईना व्हय? मला वाटलं, माझ्या भाकरीला नावं ठिवली की काय!"

एवढी वर्षं तिनं हे मनात ठेवलं होतं, हरी. भाकर जाड होत होती का, असं तिनं मला काल खरंच विचारलं.

म्हणून हे पत्र. फोन केला असता तर तू शेताचं काहीतरी निमित्त काढलं असतंस. मी तिला म्हणालो, त्याला बोलावून घेऊ. ती म्हणाली, "तो न्हाई यायचा. आमीच जाऊ." रविवारी सकाळच्या गाडीनं आम्ही तुझ्या चुडाव्याला उतरतोय. ज्वारीच्या भाकरी आणि अंबाडीची भाजी ती बांधून आणणार आहे, तुझ्याकडे चूल पेटवू नये असा निरोप आहे. भाकरी पातळ थापणार असल्याचं खुद्द तिनंच सांगितलं आहे. तू स्टेशनावर असणं अपेक्षित आहे. भेटीची बातमी मात्र तूच लिहायचीस, शेवटची ओळ आधी लिहिलीस तरी चालेल. मी कापणार नाही.

तुझाच,
भागवत