चार आठवडे विश्रांती

१२ नोव्हें. ९६, अल हैल, मस्कत
आमच्या टीममधल्या विदासचा गुडघा पुन्हा सुजला. क्लबचा फिजिओ मी, स्पष्ट सांगितलं, उद्या खेळायचं नाही. म्हणाला, "अझीझ, लिथुआनियात बाप म्हणायचा बास्केटबॉल खेळ, फुटबॉलने पोट भरणार नाही. बसून राहिलो तर तो खरा ठरेल."

१३ नोव्हें.
खेळला. पडला. गुडघा कामातून गेला. स्ट्रेचरवरून मॅनेजरला म्हणतो, "फिजिओनेच खेळ म्हटलं." माझ्याकडे न बघता! मी ओरडलो, कोण ऐकतंय. मॅनेजर : "खलास." नोकरी गेली.

२० डिसें.
मस्कतपासून लांब, रुस्ताकला एका क्लिनिकमध्ये लागलो. फॅमिली व्हिसा नाही. शमा आणि आमची लेक सना आज दापोलीला परत गेल्या. सना पाच वर्षांची. एअरपोर्टवर माझी बाही सोडेना.
विदास, तुला सोडणार नाही.

८ जाने. २००४, रुस्ताक
पेपरात विदासचा फोटो. टक्कल पडलंय. आमच्याच क्लबचा कोच म्हणून आला. खेळणं संपल्यावर गावी शाळेच्या टीमला शिकवलं, मग मोठ्या टीमना. 'जिद्दीने उभा राहिला' म्हणे. माझं काय?
सना फोनवर दोन वाक्यं बोलते, आईकडे देते.

२ फेब्रु.
वि. स्वतः क्लिनिकमध्ये! त्याचा स्ट्रायकर हमद सोबत, मांडी धरून. मस्कतमध्ये डॉक्टर मेले काय? "गुड मॉर्निंग, डॉक्टर." बस्. ओळखलंसुद्धा नाही.
स्नायू किंचित ताणलाय. आठवडा पुरे. तेरा तारखेची मॅच हरले तर कोच घरी, हे सगळ्यांना ठाऊक.
लिहिलं : चार आठवडे विश्रांती.
हमद : "डॉक्टर, तेराला नॅशनल टीमचे सिलेक्टर येणार आहेत."
"पुढच्या वेळी. इन्शाल्ला."

५ फेब्रु.
शमाला फोनवर सांगितलं. ती : "हमदने काय केलं होतं तुमचं?"
म्हटलं, सनाने काय केलं होतं? तिने फोन ठेवला.

१० फेब्रु.
वि. एकटाच आला. लंगडतो अजून. "हमद म्हणतो दुखत नाही. मॅनेजर म्हणतो खेळव. मी नाही म्हटलं."
का?
"तू लिहिलंयस म्हणून." मग खाली बघून, "तेव्हाही तू नाहीच म्हणाला होतास, अझीझ. मी घाबरलो, खोटं बोललो. म्हणून तर हमदला इतक्या लांब आणलं. तू खेळाडूला खोटं सांगत नाहीस."
म्हणजे ओळखलं होतं! माफी मागितली. हमदशिवाय उतरणार, नोकरी गेली तर गेली.
सात वर्षांनी एक माफी, झालं? सनाची सात वर्षं कुठून आणू? उलट जास्तच भडकलोय.

१२ फेब्रु.
उद्या मॅच. सकाळी हमदचा फोन, "एकदा परत बघा ना." चारला ये म्हटलं.
नव्या दाखल्याचा कोरा कागद समोर. त्याचं नाव घातलं, तारीख घातली. पुढे 'फिट' की 'विश्रांती', पेन जात नाही. वि. घरी गेलाच पाहिजे. गेलाच...
गाडी थांबली. हमदच. जिना चढतोय, दोन-दोन पायऱ्या एका वेळी.