धाकट्या भावोजींच्या खालचं माप

३ फेब्रुवारी

आलो एकदाचे. शिवणघराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या आहेत आणि त्यांतल्या एकीला चक्क पूर्वेची मोठी खिडकी आहे. ट्रंका उघडायच्या आधीच टकळीने ती खिडकी आपली असल्याचं जाहीर करून टाकलं. टकळी म्हणजे माझी लेक. वय सतरा. तोंडाला विसावा नाही म्हणून तिच्या आईने हे नाव ठेवलं होतं. आई गेली, नाव राहिलं, आणि तोंडही काही मिटलं नाही.

खाली सैन्यासाठी कोट शिवतात. दिवसभर यंत्रं चालतात आणि जमीन बारीक थरथरते. आपण अजून आगगाडीतच बसलोय की काय, असं टकळी म्हणाली. मला ती थरथर आवडली. कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवत होतो. वर्गातली मुलं एकेक करून लढाईवर गेली, बाकं रिकामी झाली, मग इमारत इस्पितळाला देऊन टाकली. माझं एक फुफ्फुस कामातून गेलेलं, म्हणून मला कोणी नेलं नाही. इथलं काम हलकं आहे: कोणत्या मापाचे किती कोट लागतील याचं प्रमाण काढून द्यायचं. टेबल शेगडीजवळ आहे. आज कित्येक महिन्यांनी शिट्टी वाजवली. मग थांबलो. खालच्या बायकांना ऐकू गेलं असतं.

५ फेब्रुवारी

शिवणघरात सगळ्या बायका. मी एकटाच पुरुष. मुकादमबाईंनी ओळख करून दिली तेव्हा कोणी मान वर केली नाही. फक्त खिडकीशी बसणाऱ्या दोघी सख्ख्या जावांपैकी धाकटी म्हणाली की इतके दिवस या खोलीत तीनच पुरुष होते आणि तिघांनाही डोकं नव्हतं, आता चौथा आलाय, याला आहे का ते बघू या. सगळ्या हसल्या. मीही हसलो.

ते तिघे म्हणजे मापाचे लाकडी पुतळे. कोट अडकवून बघायचे. मानेपासून कमरेपर्यंत धड, खाली दांडा. पोट सुटलेले ते थोरले भावोजी, भरदार छातीचे ते मधले आणि अंगाने किरकोळ ते धाकटे. सकाळी आल्या आल्या बायका त्यांच्या गळ्यात मापाच्या पट्ट्या टाकतात आणि काय भावोजी, झोप लागली का, असं विचारतात. थोरले आणि मधले मात्र छाती भिंतीकडे करून कोपऱ्यात उभे आहेत. का, असं मी विचारलं. थोरली जाऊ दोरा दातांनी तोडत म्हणाली की त्या मापाचे संपले.

९ फेब्रुवारी

जुन्या मागण्या मांडून वयांचा आलेख काढला. लढाईच्या सुरुवातीला सगळे कोट मधल्या भावोजींचे. मग ते कमी होत जातात आणि थोरल्यांचे वाढतात, म्हणजे चाळिशी उलटलेल्यांना बोलावलं. मग तेही उतरतात आणि धाकटे वर चढतात. रेघ इतकी सुबक आली की मी ती टकळीला दाखवायला वर नेली. तिने बराच वेळ पाहून विचारलं की बाबा, हा मधला खड्डा म्हणजे तुमचा वर्ग ना?

खरं तर हे मला तिच्या आधी दिसायला हवं होतं. दिसलं होतं का? प्रामाणिकपणे लिहायचं तर, दिसलं होतं. पण रेघ सुंदर होती.

१४ फेब्रुवारी

इथला एक नियम आज कळला. कोट जिवंत माणसाच्या अंगावर घालून बघायचा नाही. माप बरोबर आहे की नाही ते भावोजी सांगतील. घाईत एकीने नवा कोट स्वतःच्या खांद्यावर टाकून पाहिला, तर मुकादमबाईंनी तिच्या हातावर पट्टी मारली. मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, कोटाला अंग कळतं, आणि मग तो त्या अंगाची वाट बघतो. धाकटी जाऊ सांगू लागली की तिचा नवरा एकदा डबा द्यायला आला होता आणि थट्टेत तिने त्याला—. थोरलीने तिला कोपराने ढोसलं.

मी यावर हसलो नाही, एवढं तरी पुण्य पदरी पडावं. पण विश्वासही ठेवला नाही.

२० फेब्रुवारी

नुसत्या आकड्यांची लाज वाटू लागली म्हणून तुरपाई शिकतो आहे. मी डावखुरा. बायकांचे टाके उजवीकडे कलतात, माझे डावीकडे. अख्ख्या शिवणघरात असे टाके कोणाचे नाहीत, लांबूनही ओळखू येतात. टकळी खाली आली होती. म्हणाली, सगळ्या मुंग्या वारुळाकडे चालल्यात आणि बाबांच्या तेवढ्या सासरी. मुकादमबाईसुद्धा हसल्या. पोर बायकांना आवडली आहे. थोरल्या जावेची लेक अठराची, तिच्याशी मैत्री झाली. दोघी जिन्यात बसून तासन्‌तास काय बोलतात कोण जाणे.

२७ फेब्रुवारी

आघाडीवरून फाटके कोट धुऊन परत येतात. आम्ही ठिगळं लावतो, ते पुन्हा जातात. माणूस बदलतो, कोट तोच.

आजच्या गठ्ठ्यात एक वेगळाच निघाला. धाकट्या भावोजींना घातला तर खांद्यावर बसेना, आणि छातीला टक्स. टक्स म्हणजे बाईचं माप. असा कोट आम्ही कधीच शिवलेला नाही. डाव्या काखेखाली भोक, कडा तपकिरी. आतून नेमक्या तिथेच कोणीतरी जाड दुहेरी तुकडा लावलेला. घरातल्याच कुठल्यातरी कपड्याचा. धुऊन धुऊन रंग गेला आहे, चौकटी जेमतेम दिसतात. तोही फाटलेला. कोणी लावला असेल, आणि कशाला?

तळाची तुरपाई डावीकडे कलणारी.

मुकादमबाईंनी ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या की दुसऱ्या एखाद्या शिवणघरातला असेल. बरोबर आहे. जगात मी एकटाच डावखुरा थोडाच आहे! कोट खुंटीला अडकवून ठेवला.

६ मार्च

सैन्याचे साहेब येऊन गेले. आता मुलींनाही बोलावणार, अठरा पूर्ण झालेल्या. त्यांच्या मापाचा नमुना आधी तयार हवा, कारण अंगावर कोट असल्याशिवाय कोणाला गाडीत बसवायचं नाही असा कायदा आहे. म्हणजे कोट नाही तर मुली नाहीत. साहेबांनी हे सहज सांगितलं. चहा चांगला झाल्याचंही सांगितलं.

ते गेल्यावर यंत्रं बराच वेळ बंद होती. मग मुकादमबाई माझ्या टेबलाशी आल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. माप चुकवा. खांद्यात आखूड करा. ते परत पाठवतील, मग बाही लांब करा. पुन्हा परत येईल. घोळ घालण्यात दिवस जातील आणि तेवढ्यात लढाई संपेल, नाहीतर निदान थोरलीच्या पोरीला कुठेतरी दूर धाडता येईल. धाकटी जाऊ म्हणाली, मास्तर, आयुष्यात एकदा नापास व्हा.

विचार करतो म्हटलं.

८ मार्च

विचार केला. आखूड खांद्याचा कोट मंजूर झाला तर? घाईत काहीही मंजूर होतं. मग त्या मुलींना हात वर करता येणार नाही, पळता येणार नाही. माझ्या चुकीमुळे एक जरी— नाही. मुली जाणारच असतील तर कोट तरी नीट असावा. हे मला पटलं. आता हेही लिहितो, की टकळी सतरा वर्षांची आहे हे मला त्या वेळी पुरेपूर आठवत होतं.

त्या मापाचा पुतळा नाही. कोणी आपली पोर उभी करीना. टकळीला बोलावलं. तिने टाच आपटून सलाम ठोकला आणि हसत सुटली. बायका एकेक करून उठून बाहेर गेल्या. तुरपाईला कोणी सुई उचलीना, म्हणून ती मीच केली. कोट असा बसला की जणू तिच्याबरोबरच वाढला असावा.

काढून घडी घालताना तळाची शिवण दिसली. मुंग्या सासरी निघालेल्या. खुंटीवरचा कोट आणून शेजारी ठेवला.

तोच आहे.

१२ मार्च

साहेब भलतेच खूश. असा नमुना पहिल्या फटक्यात कधी आला नव्हता म्हणाले. मापाला कोण उभं होतं, असं विचारलं. मी म्हणालो, माझी मुलगी. वय विचारलं.

मी खरं सांगितलं.

मला अठरा म्हणता आलं असतं, एकोणीस म्हणता आलं असतं. विचारलं की खरं सांगायचं, एवढंच मी जन्मभर शिकलो. साहेबांनी भुवया उंचावल्या. सतराच्या मुलीच्या अंगावर जर इतका बेतशीर बसत असेल, तर अठराची अट कशाला, असं ते सोबतच्याला म्हणाले. मोठ्याने नाही. हिशेब केल्यासारखं.

१९ मार्च

अट सतरा झाली. थोरली जाऊ माझ्याशी बोलत नाही. धाकटीने आज थट्टासुद्धा केली नाही. तिची थट्टा नसणं हे फारच वाईट. मुकादमबाई एकच वाक्य बोलल्या, पदवी घेतलेल्या गाढवाचं ओझंसुद्धा नीट बांधलेलं असतं.

हे माझ्यासाठीच होतं. बरोबरही होतं.

२३ मार्च

सुतार नवा पुतळा देऊन गेला. नमुन्याच्या कोटावरून कोरलेला. उजवा खांदा डाव्याहून किंचित खाली आहे. दप्तर एकाच खांद्यावर घेऊन टकळीचा असाच झालाय. मी कितीदा रागावलो. बायकांनी त्याला नाव ठेवलं नाही. सकाळी सगळ्या धाकट्या भावोजींशी बोलतात. याच्याशी कोणी नाही.

दुपारी पाहिलं तर तो जिन्याकडे वळलेला होता. कोणी वळवला असेल. विचारलं. कोणी नाही.

२ एप्रिल

परतीचा गठ्ठा आला. सोडला. सगळे त्याच मापाचे. सगळे— टक्स, उतरता खांदा, डाव्या काखेखाली भोक. तळाला माझे टाके. आम्ही अजून एकही कोट पाठवलेला नाही. कपाटात आहेत, मोजून ठेवलेले, कोरे.

मुकादमबाईंनी गठ्ठा वाटून दिला. बायका ठिगळं लावू लागल्या. मीही एक घेतला. काय करणार होतो?

६ एप्रिल

साहेबांकडे गेलो. माप चुकलंय, मी चूक केली, नमुना रद्द करा म्हणालो. आयुष्यातलं पहिलं खोटं. त्यांनी कोट पुतळ्यावर चढवायला लावला. सुरकुती म्हणून नाही. साहेब हसून म्हणाले, मास्तर, इतका विनय बरा नव्हे.

खोटं बोलायला आधी शिकायला हवं होतं.

११ एप्रिल

टकळी डावा हात जपून ठेवते. काखेखाली टोचल्यासारखं होतं म्हणाली. पाहिलं. काही नाही. कातडी स्वच्छ आहे. बोट ठेवलं तर किंचाळली.

बोलावणं आलेल्या मुलींना काल कोट वाटले, तेव्हा इतर मुलींनी आपापला शोधून घेतला. तिने शोधला नाही. ढिगात हात घातला, आणि—

१५ एप्रिल

टकळीच्या कोटाची सगळी तुरपाई उसवली. भर दुपारी, खिडकीत बसून, एकेक टाका. वर जाऊन पाणी प्यायलो. परत आलो तर— जशीच्या तशी. सुई माझ्याच बोटांत. बोटाला रक्त.

टकळी जेवताना बोलली नाही. टकळी बंद आहे. जमीन थरथरते तेवढीच.

१८ एप्रिल

थोरल्या जावेची लेक आज गेली. जावेने तिला कोटाचं वरचं बटण लावून दिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

आमची परवा.

१९ एप्रिल

कोटाला भोक नाही. अजून नाही. पण जागा मला माहीत आहे. कुठल्या बापाला एवढी नेमकी माहीत असते? मग उपयोग करायला नको? आतून जाड काहीतरी लावायचं. तिथेच. दुहेरी. शिवणघरातलं कापड कुलपात. अंगातला जुना शर्ट फाडला. टाके पक्के घातले. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम.

हे आधीच सुचायला हवं होतं— झोप लागेल आता—

२० एप्रिल

गाडी आली. सकाळ. ती जिन्यातून हाक मारते— बाबा, कोट—

दिला नाही अजून. उजेडात एकदा बघावं म्हणून आतली बाजू उलटी केली.

चौकटी. माझा शर्ट चौकटीचा. निळा— धुऊन धुऊन जाईल रंग— खुंटीवरच्या कोटात आतून तो तुकडा होता— मीच लिहिलंय, मागची पानं— कोणी लावला असेल आणि कशाला— तोही फाटलेला—

उसवला तर तिथे काहीच नाही. ठेवला तर हा तोच कोट. उसवला तर निदान तो नव्हे— पण मग तिथे नुसती ती—

वर आली. दारात उभी. डावा हात जपून, उजवा पुढे केलेला. काही बोलत नाही. कात्री इथे आहे, सुई इथे, आणि मी