त्रिवेणीने ऐकल्याशिवाय छापू नये

मी, इंदुमती माधव देऊळगावकर, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त प्राणिशास्त्र प्राध्यापिका, राहणार नल्लकुंटा, हैदराबाद, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाविना हे लिहिते. सोमवारी घशाचं ऑपरेशन आहे. जगले तरी आवाज राहणार नाही.

१. राहतं घर भाची केतकीला. तिचा भाऊ मकरंद याला काही नाही. "आत्या, कादंबरीच ना ती? कुणाला विचारायचं कशाला?" असं तो माझ्याच टेबलावर जेवताना म्हणाला.

२. मायक्रोस्कोप नारायणगुड्यातल्या माझ्या जुन्या शाळेला. कपाटात कुलूपबंद ठेवणार असतील तर देऊ नये.

३. कादंबरीचं हस्तलिखित. एका इस्पितळाच्या नैतिकता समितीवर मी बाहेरची सदस्य होते. सुलतान बाजारात साड्यांना फॉल लावणारी त्रिवेणी तिथे तक्रार घेऊन आली. तिचा नवरा औषधाच्या चाचणीत दगावला होता. "संमतीपत्रात काय आहे ते त्याला समजलं होतं का?" मी विचारलं. "सही आहे ना, मॅडम," डॉक्टर म्हणाले. त्या उत्तरातून कादंबरी सुरू झाली.

त्रिवेणी म्हणाली होती, "लिखो अम्मा. मगर छापने के पैले मेरेकू पूरा सुनाव." मराठी तिला येत नाही. मी एकेक पान तिच्या बोलीत सांगत गेले. नवरा रडतो त्या पानावर ती म्हणाली, "वो नै रोये थे. काट देव." माझं सगळ्यात चांगलं पान होतं. काटलं.

निम्मी कादंबरी उरली आहे आणि घसा आताच साथ देत नाही. रेकॉर्डिंग करा म्हणतात. रेकॉर्डिंग तिच्या प्रश्नाला उत्तर देणार नाही. तिला वाचून सांगायला उरली केतकी. ती म्हणते, "बोलते की मी मराठी, आत्या. वाचायचं नक्को."

४. तरीही घराला अट घालत नाही. लालूच दाखवून घेतलेला होकार होकार नसतो, हे मीच समितीत भांडून सांगत असे. त्याच कारणाने त्रिवेणीला काही ठेवत नाही. ठेवलं तर तिला 'नको' म्हणणं जड जाईल. ती 'नको' म्हणाली तर सगळे कागद जाळावेत. कारण विचारू नये.

५. म्हणजे माझ्या हाती फक्त विनंती उरते, आणि ती करायची मला सवय नाही. केतकी, अक्षरं लावत वाच, अडखळत वाच. ती थांब म्हणेल तिथे थांब. पण वाच.

साक्षीदार, दोघांसमक्ष सही केली:
दिलीप वैजापूरकर
अपर्णा निलंगेकर

इं. मा. देऊळगावकर
हैदराबाद, १४ नोव्हेंबर २०२५