फेकून दिलेलं खमीर

इय्यार महिना, नववा दिवस
खाबूर नदीकाठ

प्रिय बेल्तीताईस,

गडावर तुम्हा सर्वांना देव सुखी ठेवो. इकडे जव बरे आले. कांदे वाळवून टांगले. लोकर धुवायची राहिली आहे. एवढं लिहीपर्यंत तीनदा दाराशी जाऊन आले.

आमच्या ह्यांना परवा राजवाड्याच्या भटारखान्यातून धरून नेलं. चंद्रदेवाच्या देवळात कोंडलंय. धाकट्या राजपुत्राचा माणूस अंगणात येऊन म्हणतो, "बाई, राजमाता यहुद्यांच्या देवाला लागल्या, एवढं नवऱ्याला कबूल करायला सांग. उद्या घरी येईल."

"आणि नाही केलं तर?"

"मग राजवाडा दुसरा भटारी बघेल, तू दुसरा नवरा बघ." वर हसला मेला!

राजमातेला, त्या म्हातारीला हटवलं की तिच्या थोरल्या मुलाचा, राजाचा, आधार गेला आणि गादी धाकट्याला मोकळी, हे का मला कळत नाही? पण पुरावा म्हणून त्या माणसानं माझंच पत्र दाखवलं, ताई. गेल्या महिन्यात, निसानमध्ये, तुला लिहिलेलं. आईकडून आणलेलं खमीर मी एकोणीस वर्षं जगवलं, राजवाड्याचे पाव त्यावरच फुगायचे. 'राजमातेच्या हुकमानं सगळं नदीत टाकलं, सात दिवस नुसत्या चपट्या भाकऱ्या, केवढी नासाडी!' अशी कुरकुर केली होती मी. यहुदी त्यांच्या वल्हांडण सणात घरात खमीर ठेवत नाहीत, हे तुझ्या घरी भावजींना ठाऊक असणारच. त्याच राजपुत्राचे लेखनिक ते. पत्र त्यांच्या हाती कसं गेलं, मी विचारत नाही.

मला रागवायचा हक्कच नाही. हुकूम कुणी दिलाच नव्हता.

मीच टाकलं. यरुशलेमहून आलेल्या कापडवाल्याच्या बायकोकडे मी दोन वर्षं प्रार्थनेला जाते. ह्यांनाही हुकमाचंच सांगितलं. "ह्या वयात राजमातेला डोहाळे लागले की काय?" म्हणून हसले होते. तुला खरं लिहिलं असतं, तर 'आईचे देव सोडलेस, मग आम्हालाही सोड' म्हणाली असतीस. म्हणून एका म्हातारीचं नाव पुढे केलं. ती कुणाला मानते, मला ठाऊकसुद्धा नाही. ज्या देवासाठी एवढं केलं, त्याच्यासाठी पहिलंच काम केलं ते खोटं बोलण्याचं.

आज ऊन उतरायच्या आत देवळात जाऊन सगळं सांगणार आहे. राजघराण्याच्या नावावर खोटं लादलं की काय होतं, ते तू जाणतेस. पण तिथे बाईचं तोंडी बोलणं कोण धरतो? म्हणून हे पत्र गाढववाल्याबरोबर आत्ताच धाडते. भावजींच्या हाती दे, एक ओळ लपवू नकोस. ते राजपुत्राला देतील की चुलीत घालतील, ते तुम्हा दोघांवर.

हे सुटून तुझ्याकडे आले, तर आधी पाणी दे, जेवू घाल. मग माझ्याबद्दल काय सांगायचं ते तूच ठरव. तुझ्याकडून ऐकलं तर त्यांना कमी लागेल.

तू म्हणू देशील तोवर
तुझी धाकटी,
मर्ता