बाबांची चौदा चित्रं

सडक अर्जुनी, ७ जुलै २०२४

ती. सौ. रुचीताईंस,
दुर्गेश्वरीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोन सोडून पत्र काऊन, म्हणाल. आपल्या घरी फोन नेहमी स्पीकरवर, अन् तुमच्या बाबांची नजर गेली तरी कान मात्र शाबूत आहेत. हे, म्हणजे तुमचे भाऊ, त्यांना घेऊन नागपूरला गेले होते. डॉक्टर म्हणाले, की आता काही करण्यासारखं उरलं नाही. बाबांना मात्र ह्यांनी सांगितलं, की सहा महिन्यांनी पुन्हा दाखवू.

एक चांगली बातमीही आहे. बाबांनी मास्तरकीच्या दिवसांत गोंदियाच्या रद्दीवाल्याकडून आणलेलं ते ग्रीस देशाच्या प्रवासाचं जुनं पुस्तक आठवतं ना, अन् वाळवीतून वाचलेली त्याची चौदा चित्रं? ओलीनं त्यांवर डाग पडून राहिले होते. बाबा नागपूरला गेले तशी मी ती झेरॉक्सच्या दुकानात नेऊन सगळी लॅमिनेट करून आणली. आता पन्नास वर्षं काही होत नाही! बाबांना अजून सांगितलं नाही. माझी पाठ थोपटायला धानाची रोवणी झाली की या.

तुमची,
दुर्गेश्वरी

गोंदिया, ११ जुलै २०२४

चि. सौ. दुर्गेश्वरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अगं, बाबा त्या चित्रांवरून हात फिरवतात ते नुसतं माया म्हणून नाही. ती तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली आहेत. कागदावर पत्र्याची कड दबलेली असते, रेघांची शाई किंचित वर आलेली असते. नजर कमी होऊ लागली तेव्हापासून बाबा दुपारी दार लावून बोटांनी ती चित्रं पाठ करत होते. मला एकदा डोळे मिटायला लावून त्यांनी कड्यावरचा मठ दाखवला होता, जाळीत बसवून माणसाला वर ओढतात तो. तुला कोणी सांगितलंच नाही, त्यात माझीही चूक आहे. ते प्लास्टिक निघतं का, एका कोपऱ्यावर हळूच बघ.

तुझ्यावर राग नाही. पण मला रडू आवरत नाही.

तुझी,
रुचीताई

सडक अर्जुनी, १६ जुलै २०२४

ती. सौ. रुचीताईंस,
नमस्कार.

पवनचक्कीच्या चित्राचा कोपरा सोलून पाहिला. कागदाचा पापुद्राच शाईसकट वर आला. पुढे हात लावायची हिंमत झाली नाही.

काल बाबांनी चित्रं मागितली. मी बंदराचं दिलं. ते खूप वेळ बोट फिरवत राहिले, मग म्हणाले, की हा मठ, अन् जाळीतला माणूस बिचारा अजून अर्ध्यातच लटकून राहिला. मी हो बाबा म्हटलं. आणखी काय म्हणणार होते? ताई, त्यांना कळलं नसेल ना? मला जेवण जात नाही. तुम्ही तरी मला परकी करू नका.

तुमची,
दुर्गेश्वरी

सडक अर्जुनी, २१ जुलै २०२४

चि. सौ. रुचीस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

पुठ्ठ्याची पट्टी धरून लिहितो आहे. ओळी एकमेकींवर चढल्या तर सांभाळून घे. पाकिटावर पत्ता शेजारच्या मनीरामनं घातला आहे.

दुर्गेश्वरीनं तुला लिहिलं असेलच. मला पहिल्या बोटालाच कळलं. तिला बोलू नकोस. ओमेशचा सातबारा, नातीचा जन्मदाखला, घरात जे जे जपायचं त्याला ती प्लास्टिक घालते. माझ्या ग्रीसलाही घातलं. आता चौदाही कागद मला सारखेच लागतात. रोज दुपारी ती जवळ बसते, मी अंदाजानं नाव सांगतो आणि ती हो म्हणते. परवा मी मुद्दाम तीनदा मठच सांगितला. तिन्ही वेळा हो म्हणताना तिचा आवाज बसला होता. आता तसं करत नाही.

नागपूरचा डॉक्टर ओमेशला काय म्हणाला, तेही मला माहीत आहे. त्याला सांगू नकोस.

एकच अडचण आहे. मठाच्या चित्रात ती जाळी कड्याच्या डावीकडे होती की उजवीकडे, हे मला कालपासून आठवत नाही. दुर्गेश्वरीला विचारता येत नाही. पत्रातही लिहू नकोस, मला आलेली पत्रं तीच वाचून दाखवते. रोवणी आटोपली की ये, आणि माझ्या तळहातावर बोटानं काढून दाखव.

तुझे,
बाबा