धुराच्या बाजूचं घर

८ नोव्हेंबर १९६७, जयपूर
मानवजातीवरील अन्यायांच्या यादीत आजची सकाळ घालावी अशी माझी नम्र मागणी. वादी : एक पांढरा सदरा, खळ घातलेला, दोरीवर निष्पाप लोंबकळणारा. प्रतिवादी : एक इंजिन, वयानं थोर, धंदा वाफ सोडणे. घरामागच्या सिग्नलला थांबलं आणि जाता जाता सदऱ्याच्या छातीवर काळी रांगोळी घालून गेलं.
सौ. म्हणाली, "तुमच्या लाडक्याचे प्रताप. तुम्हीच धुवा."
धुतला. डाग गेले, कोळशाचा वास राहिला. तोच घालून ऑफिसात गेलो. दिवसभर फायलींवर वाकलो की प्रवासाला निघाल्यासारखं वाटे.

१४ नोव्हें.
धुकं. रूळ दिसत नाहीत, सिग्नल दिसत नाही. आधी नुसता श्वास ऐकू येतो, गोठ्यात मोठं जनावर बसलेलं असावं तसा. मग धुक्यात एक तांबूस उजेड. अंथरुणात पडल्या पडल्या मी कुठल्या कुठे. साताऱ्याकडचं स्टेशन, मामाचा हात, डोळ्यात गेलेला कोळशाचा कण, आणि मामा धोतराचा सोगा फुंकून गरम करतोय... शिट्टी झाली की परत जयपूर. विमा कचेरी. दाढी.
सौ. खोकत होती. किटली घेऊन कुंपणाच्या भोकातून बाहेर पडलो. इथली रीतच आहे ही. इंजिन थांबलं की लाईनीकडेची सगळी घरं भांडी घेऊन हजर, ड्रायव्हर इंजिनातलं कढत पाणी देतो. कुणाची दाढी, कुणाची अंघोळ. आमच्याकडे सौ.चा वाफारा.
ड्रायव्हर गोपीलालजी इंजिनातून ओरडले, "बाबूजी, सँभाल के! और केतली मेरी है, याद है न?"
आहे. गेल्या हिवाळ्यात आमचा डबा गळत होता म्हणून त्यांनी स्वतःची चहाची किटली दिली. "कल लौटा देना." तो कल अजून उजाडायचाय.
धूरही यांचा, वाफाराही यांचाच. असा डॉक्टर गावात दुसरा नाही.

२२ नोव्हें.
खरा डॉक्टर आला. सौ.च्या पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकत बसला. मग मला अंगणात नेलं. "घर बदलिए. हर जाड़े में छाती और बिगड़ेगी."
योगायोग असा की रुळांपासून लांब, सी-स्कीम वस्तीतलं ऑफिसचं एक घर रिकामं होतंय. साहेबांनी कालच विचारलं होतं. मोठी खिडकी, झाडं, शांतता. इतकी शांतता की माणसानं तिथं काय ऐकावं?
"विचार करून सांगतो," म्हणालो. काय विचार करायचाय, ते मात्र...

३ डिसें.
दिल्लीच्या गाडीला डिझेल लागलं. बघायला गेलो. लांबट पेटी, रंगवलेली. ना मागं-पुढं, ना घाम, ना छाती वरखाली. चालू आहे की झोपलंय, कळायला मार्ग नाही. घरी येऊन एका बैठकीत लेख लिहून काढला.

१० डिसें.
मराठी मंडळाची सभा. लेख वाचला. 'डिझेल म्हणजे नवा सेक्शन ऑफिसर. तापत नाही, निवत नाही, नुसता गुरगुरतो. वाफेचं इंजिन म्हणजे आमचे काका. चढावर धापा टाकतील, पण दहा जणांना घेऊन वर जातील.' हशा. टाळ्या. बँकेतले देशपांडे डोळे पुसत होते.
'धापा' या शब्दाला मागच्या रांगेत सौ.ला खोकल्याची उबळ आली. थांबेना. उठून बाहेर गेली. मी पुढचं वाक्य वाचलं. त्यालाही हशा पिकला.
परत टांग्यानं. स्टेशन दिसायला लागल्यावर म्हणाली, "छान लिहिलंत. त्याच्या धापांवर टाळ्या मिळाल्या."
"आणि?"
"आणि काही नाही. माझ्या धापा मला पुरतात."

१२ डिसें.
सिग्नलला आज डिझेल. शेजारपाजारची भांडी रिकामी परत. इंजिनाच्या खिडकीत गोपीलालजी. पांढऱ्याशुभ्र कमीजमध्ये! ओळखलेच नाहीत.
"देखिए बाबूजी, शाम तक ऐसी ही रहेगी. घरवाली पूछती है, काम पर गए थे या बारात में?"
मी म्हटलं, जुन्याची याद नाही येत?
हसले. "आती है. खाँसता हूँ तब आती है."
परत येताना कुंपणाच्या भोकात सदरा अडकला, फाटला. कुणाविरुद्ध तक्रार करावी सुचेना.

१३ डिसें.
साहेबांना सांगितलं, घर हवं. "बड़ा सोचा आपने," म्हणाले. दुसऱ्या एकाचाही अर्ज गेलाय म्हणे. बघू.
सौ.ला सांगितलं. भाजी निवडायची थांबली.
"खरंच? की लेखाचा दुसरा भाग आहे?"
"खरंच."
"मालगाड्यांना अजून जुनंच असतं. दुपारी इकडे झाडाखाली बसून ऐकायला येत जा." मग पुन्हा भाजी निवडत, "मीही येईन. लांबून बरं वाटतं ते."
इतक्या वर्षांत हे कधी बोलली नव्हती.

२८ डिसें.
घराचा निकाल नाही. सौ.चा खोकला कालच्याइतकाच, परवापेक्षा थोडा कमी, किंवा मला तसं वाटतंय. पहाटे दूर मालगाडीची शिट्टी झाली. जागा झालो, पण साताऱ्याला गेलो नाही. तिचा श्वास ऐकत पडलो.
सकाळी सौ.नं किटली राखेनं घासली. चहा केला, आलं ठेचून, आणि तिच्यात भरला. मी न सांगता.
सिग्नलला डिझेल उभं होतं. गोपीलालजी खिडकीतून वाकले. "इसमें गरम पानी नहीं मिलेगा, बाबूजी."
"माँगने नहीं आया."
किटली वर दिली. त्यांनी झाकण उघडलं. वाफ वर आली, थंडीत अशी दाट की क्षणभर त्यांचा चेहरा दिसेना, पांढरी कॉलर तेवढी दिसत राहिली.
सिग्नल पडला. मी मोकळ्या हातांनी कुंपणाकडे वळलो.